आमच्यातला पुरुष बावन्न बघत नाही

हे वाक्य त्या घरात कुणी गंभीर चेहऱ्याने म्हणत नसे. ‘दार लोटून घे, वारा येतोय’ म्हणावं तितक्या सहज ते म्हटलं जायचं. पणजोबा सत्तेचाळीस वर्षांचे असताना गेले, आजोबा एक्कावन्नचे, मोठे काका चव्वेचाळीसचे, बाबा एक्कावन्नचे आणि धाकटे काका एकोणपन्नासचे. पाच पुरुष, आणि एकानेही बावन्नावा वाढदिवस पाहिला नाही. बायका मात्र चिवट. आजी बहात्तरपर्यंत जगली. आई एकाहत्तरची असून अजून चष्मा न लावता सुईत दोरा ओवत होती. पुरुषांचं आयुष्य आखूड आणि बायकांचं लांब, अशी घराची वाटणीच झालेली होती म्हणा ना.

दादाला एक्कावन्न पूर्ण झाली आणि त्याने आवराआवर सुरू केली.

तो सुतार होता. दारं-खिडक्या करायचा, आणि त्याच्या खिडकीच्या सांध्यात नख घालायला जागा सापडत नाही असं लोक म्हणायचे. तो रडत बसला असता तर बायकोला सोपं गेलं असतं. पण गडी खुशीत होता. गाडीला अजून वेळ आहे, तोवर सामान नीट बांधू, अशा बेताने तो एकेक गोष्ट उरकत होता. घराचा मेन स्विच कुठला, पाण्याची टाकी कशी धुवायची, कुठल्या किल्लीला जरा वर उचलून फिरवावं लागतं, हे सगळं त्याने वहिनीला दोन-दोनदा दाखवलं. लांब मुदतीची कामं घेणं बंद केलं. बुटाचा तळ सुटला तेव्हा वहिनी म्हणाली, नवे घ्या. तो म्हणाला, “हे पुरतील.” त्याने तो तळ चिकटवला, आणि स्वतःच्या कारागिरीवर खूश होऊन दिवसभर शीळ घालत हिंडला.

ज्या दिवशी त्याने दुकान भागीदाराच्या नावे लिहून दिलं, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनी नणंदेच्या कारखान्यात येऊन थडकली.

नणंद म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, आईबरोबर दोन खोल्यांत राहायची. घरात तिला ठमी म्हणत. कारखान्यात तिचं नाव गेजबाई. रबराच्या जाड नळ्या बनवणारा तो कारखाना. बनलेली नळी शेवटी तिच्या टेबलावर यायची. ती नळीची दोन्ही टोकं आवळायची, आत पाणी भरायची, हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर काढायची आणि पंपाने दाब चढवायची. मग दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत उभी राहायची. काटा हलला नाही तर शिक्का. हलला तर नळी बाजूला. बावीस वर्षं हेच काम.

“ताई, तुमच्या भावाला आता तुम्हीच सांगा,” वहिनी म्हणाली. “माझं ऐकून घेतात आणि वर मलाच समजावतात. मरायचं ठरवून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? आवाज चढवला तर आपल्यालाच लाज वाटते.”

“बस. आधी पाणी पी.”

“पाणी नको. तुम्ही येताय ना?”

“येते.”

गेजबाई त्या वाक्यावर लहानपणापासून वाढली होती, पण त्याच्यावर तिचा विश्वास किती, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. तिचं काम मात्र तिला एक गोष्ट शिकवून गेलं होतं. काही वर्षांपूर्वी कारखान्यात दर गुरुवारी नळ्या फुटायला लागल्या होत्या. एक गुरुवार नाही, दोन नाही, सलग सात. मुकादमाने गुरुवारी मोठ्या नळ्या घ्यायच्याच नाहीत असं ठरवून टाकलं, आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. गेजबाईने फुटलेल्या नळ्या उभ्या चिरल्या. प्रत्येकीत रबराच्या थरांमध्ये बारीक फोड होते. मग ती माग काढत काढत गोदामापर्यंत गेली. रबराच्या थरांमध्ये विणतात त्या दोऱ्याचा माल बुधवारी संध्याकाळी उघड्या गाडीतून यायचा, आणि गुरुवारी सकाळी न वाळवताच वापरला जायचा. ओला दोरा भट्टीत गेला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती रबर फुगवते. दोरा मंगळवारी ओला वापरला असता, तर मंगळवारीही नळी फुटली असती. गुरुवार नळी फोडत नाही, असं ती मुकादमाला म्हणाली होती. मुकादमाला ते पटायला आणखी तीन गुरुवार लागले.

त्या संध्याकाळी ती दादाच्या दुकानात गेली. तो एका चौकटीला घासकागद मारत होता.

“वहिनी आली होती ना तुझ्याकडे,” वर न बघता तो म्हणाला. “बोल. मी ऐकतोय, फक्त हात थांबवत नाही.”

“दुकान देऊन टाकलंस?”

“भागीदार चांगला माणूस आहे. हिला दर महिन्याला हिचा वाटा बिनबोभाट देईल.”

“आणि तू?”

“हातातलं संपवतो.”

“कशावरून पण?”

“पाच जणांवरून.”

“पाच जण म्हणजे नियम होत नाही, दादा. योगायोगही असतो.”

तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. “ठमे, तुझ्या कारखान्यात एकाच गठ्ठ्यातल्या पाच नळ्या लागोपाठ फुटल्या, तर सहावीवर शिक्का मारून बाहेर पाठवशील?”

दादा शाळेत तिच्यापेक्षा हुशार होता, हे ती अधूनमधून विसरायची.

“नाही पाठवणार,” ती म्हणाली.

“झालं तर मग.”

“झालं नाही. बाहेर पाठवणार नाही, पण भंगारातही टाकणार नाही. आधी फुटलेल्या पाचही कापून बघेन. कुठे फुटल्या, कशाने फुटल्या, पाचींचं कारण एक आहे की पाच. मग सहावीचं ठरवेन.”

“माणसं कापून बघता येत नाहीत.”

“त्यांच्याबद्दल विचारता तर येतं. तू तोवर कुणाला काही लिहून देऊ नकोस.”

“विचार बापडी,” दादा म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. “तुझ्याकडे वेळ आहे.”

हे शेवटचं तिला फार लागलं. घरी जाताना ती भराभर चालत होती, आणि चालताना तिने मनाशी पक्कं केलं की दादाला बावन्न व्हायच्या आत या वाक्याचा सोक्षमोक्ष लावायचा. खरं निघालं तर खरं, खोटं निघालं तर खोटं. पण न तपासता या घरात ते कुणी पुन्हा उच्चारणार नाही.

आई पालेभाजी निवडत बसली होती. गेजबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि देठं खुडायला लागली. आईच्या हाताला काम असलं की तोंड मोकळं सुटतं, हे तिला ठाऊक होतं.

“आई, पणजोबा कशाने गेले गं?”

“आता त्यांचं काय मधेच?”

“सांग तर.”

“विहीर खणताना कड ढासळली. आत दोघे होते, दोघेही गेले. मी काही पाहिलेलं नाही, सासूबाई सांगायच्या.”

“आजोबा?”

“तापाने. तेव्हा साथच होती, घरटी एक माणूस गेलं.”

“आणि मोठे काका?”

आईने एक जून देठ बाजूला फेकला. “तुला माहीत नाही? बाटलीने. उगाच मेलेल्या माणसाचं नको बोलायला लावूस.”

ढासळलेली विहीर, तापाची साथ आणि दारू. गेजबाईने मनातल्या मनात तीन नळ्या बाजूला ठेवल्या. या तिघांना एका दोरीत ओवणारं काहीच नव्हतं, आडनाव सोडून. मग सहज, भाजी संपत आली म्हणून, तिने आणखी एक प्रश्न विचारला. “आजोबांना भाऊ नव्हता का कुणी?”

“होते ना थोरले. ते बोटीवर गेले ते गेलेच. बापाशी भांडून गेले होते.”

“ते कधी वारले?”

“तुझ्या जन्मानंतर पत्र आलं होतं कुणाचं तरी. एक्याऐंशीचे होऊन गेले म्हणे. शेवटपर्यंत दात शाबूत होते, असं लिहिलं होतं.”

गेजबाईच्या हातातली जुडी खाली पडली. “एक्याऐंशी? मग ते आपल्यातले पुरुष नव्हते का?”

“घर सोडून गेलेल्याला कोण मोजतं?” आई म्हणाली, आणि पाला धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटताच ती थेट दुकानात गेली. बोटीवरचे आजोबा तिने दादापुढे असे ठेवले, जणू स्वतः पाण्यातून ओढून काढले होते. दादाने सगळं ऐकून घेतलं. तो हसलाही. मग त्याने हातातली पेन्सिल फळीवर ठेवली.

“तीन बाद झाले, कबूल. बाबांचं आणि धाकट्या काकांचं काय?”

बाबा गेले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि त्याच खोलीत होती. बाबा खुर्चीवर बसून मोजे घालत होते. एक मोजा घालून झाला, आणि ते म्हणाले, “पाठीत काहीतरी फाटलं.” दुखतंय असं म्हणाले नाहीत. फाटलं, असंच म्हणाले. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. लोक म्हणाले, हार्ट अटॅक. धाकटे काका अकरा वर्षांपूर्वी छापखान्यात कामावर असताना कोसळले. तेव्हाही लोक तेच म्हणाले.

“मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी पाठीकडे लक्ष देतो,” दादा म्हणाला. “काही झालं नाही, तरच पाय खाली ठेवतो. अकरा वर्षं झाली. हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस.”

एवढी वर्षं शीळ घालत हिंडणाऱ्या भावाकडे ती बघत राहिली. त्याच्या खुशीखाली काय होतं, ते तिला त्या दिवशी दिसलं. तिने विचारलं, “काकांचे कागद कुणाकडे आहेत?”

धाकटे काका सडेफटिंग होते आणि शेवटची काही वर्षं त्यांच्या भाचीकडे, म्हणजे गेजबाईच्या आतेबहिणीकडे, जेवायला असायचे. ही आतेबहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि शाळेच्या वाचनालयात काम करायची. येणंजाणं फारसं नव्हतं. आत्या लवकर गेली आणि तो धागा सैल पडला होता. गेजबाई रविवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिली.

“कागद आहेत ना,” आतेबहीण म्हणाली. “मी कागद टाकत नाही. तो माझा रोगच आहे.” कपाटावरून तिने एक पत्र्याची पेटी काढली. धाकटे काका कामावर असताना गेले म्हणून छापखान्याने चौकशी केली होती, शवविच्छेदन झालं होतं, आणि त्याची प्रत चौघडी घालून पेटीत होती. दोघींनी ती खिडकीपाशी नेऊन वाचली. हृदय ठीक होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, फुगलेली होती आणि आतून लांबवर फाटली होती.

“फाटली होती,” गेजबाई हळूच म्हणाली. “बाबा म्हणाले होते तसंच.”

आतेबहीण कागदाची घडी घालता घालता थांबली. “तुझे बाबा काय म्हणाले होते?”

“मोजे घालत होते. पाठीत काहीतरी फाटलं म्हणाले.”

आतेबहीण खुर्चीवर बसली. “आई शिवणयंत्रावर बसली होती,” ती म्हणाली. “मी शाळेतून नुकतीच आले होते. ती म्हणाली, बघ गं, मागे ब्लाउज फाटला का, काहीतरी फाटलं. मी बघितलं. ब्लाउज धड होता. मी म्हटलं, कुठे काय. त्रेचाळीस वर्षांची होती.”

गेजबाईने आयुष्यभर ते पाच पुरुष मोजले होते. आत्याला कुणी मोजलंच नव्हतं. ती बाई होती आणि वर दुसऱ्या घरी दिलेली होती, म्हणून ती त्या वाक्यात बसत नव्हती. आणि ज्या चिवट बायकांचे दाखले दिले जायचे, त्या आजी आणि आई दोघीही बाहेरून लग्न करून आलेल्या. या घरात जन्मलेली बाई किती जगते, याचा हिशेब कुणी केलाच नव्हता. या घराच्या रक्ताच्या आता दोनच बायका उरल्या होत्या, आणि त्या दोघी या खिडकीपाशी बसल्या होत्या.

“तुझं वय काय आता?” आतेबहिणीने विचारलं.

“सत्तेचाळीस.”

“माझं पंचेचाळीस.”

मग आतेबहिणीने चहा टाकला. दोघींनी तो प्यायला. निघताना गेजबाई म्हणाली, “मी डॉक्टरकडे जाणार आहे. तुझी पण वेळ घेते.” तिने हे विचारलं नाही, सांगितलं.

हृदयाच्या डॉक्टर बाई वयाने लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी शवविच्छेदनाचा कागद वाचला, बाबांची आणि आत्याची हकीगत ऐकली आणि एका कोऱ्या कागदावर चित्र काढलं. एक जाड नळी, मधे फुगलेली.

“हृदय दर ठोक्याला इथे रक्त लोटतं. काही घराण्यांत या भिंतीची वीण जन्मतःच सैल असते. वर्षानुवर्षं दाब झेलून ती रुंदावत जाते. आणि नळी जितकी रुंद, तितका...”

“तितका भिंतीवर ताण जास्त. दाब तोच असला तरी,” गेजबाई म्हणाली. “म्हणून फुगवटा आला की तो वाढतच जातो, आणि नळी तिथेच फुटते.”

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही काय करता?”

“नळ्या तपासते.”

“मग मला फार सांगायला नको.”

“एक सांगा. हे पुरुषांनाच होतं का?”

“नाही. रक्तवाहिनीला ती कुणाच्या अंगात आहे हे कळत नाही. आई किंवा वडील, एकाकडून येतं. प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.”

“आणि बावन्न?”

“बावन्नचं काय?”

गेजबाईने घरातलं वाक्य सांगितलं. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. “रुंद नळीवर ताण जास्त, हा नियम आहे, आणि तो कुणाला सवलत देत नाही. कधी फाटेल, हा नियम नाही. तो आमचा अंदाज असतो. बावन्न हे तर अंदाजातही बसत नाही.” मग त्यांनी विचारलं, “तुमचे भाऊ आले नाहीत?”

दादा आला नव्हता. “बघून काय होणार,” असं म्हणाला होता. “निघालं तर मला जे माहीत आहे तेच निघेल. नाही निघालं तर मला खरं वाटणार नाही.” गेजबाई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिने ठरवलं की आधी आपण तपासून घ्यायचं. आपला धड रिपोर्ट त्याच्या हातात ठेवायचा, आणि बघ, घाबरण्यासारखं काही नसतं, असं म्हणून त्याला दंडाला धरून घेऊन यायचं.

तपासणीच्या खोलीत ती कुशीवर झोपली. छातीवर थंड जेल लावलं, यंत्राचा गोळा इकडून तिकडे फिरला. पडद्यावर तिची स्वतःची नळी ठोक्यागणिक हलताना दिसत होती. बावीस वर्षं ती बाहेरून नळ्यांकडे बघत आली होती. मोजमाप घेणारी मुलगी एकाच जागी तिसऱ्यांदा गोळा टेकवायला लागली, तेव्हा गेजबाईला कळलं. एक माप एकदा घेतात, शंका आली तर दोनदा. तिसऱ्यांदा घेतात ते फक्त खात्री झाल्यावर, दुसऱ्याला दाखवायचं म्हणून.

“किती?” तिने विचारलं.

“डॉक्टर सांगतील.”

“आकडा सांग, बाळा. मला आकडे कळतात.”

“पाच सेंटिमीटर दोन मिलीमीटर.”

“असायला किती हवी?”

“साडेतीनच्या आसपास.”

गेजबाईने पुसायला दिलेल्या कागदाने छाती पुसली आणि कुर्त्याची बटणं लावली. दुसऱ्या बटणापाशी हात थांबले. ती आत्तापर्यंत भावासाठी झगडत होती. ते वाक्य भावाचं होतं, भीती भावाची होती, आणि ती बाहेर उभी राहून तपासणारी होती. आता तीच टेबलावर होती. मग तिने उरलेली बटणं लावली आणि डॉक्टर बाईंच्या खोलीत जाऊन विचारलं, “दुरुस्ती कशी करतात?”

“तेवढा भाग कापून काढतात आणि विणलेल्या कापडाची नळी शिवतात. मोठं ऑपरेशन आहे. शंभरात दोन-तीन जण दगावतात.”

“आणि नाही केलं तर?”

“तुमच्या वडिलांचं आणि आत्याचं बघता, मी थांबायला सांगणार नाही.”

“मग तारीख द्या.”

त्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा दादा झाडलोट करत होता. तिने रिपोर्ट त्याच्या हातात ठेवला. ठेवला, पण ठरवलेलं वाक्य काही तिच्याजवळ उरलं नव्हतं. त्याने आकडा वाचला, नाव वाचलं, पुन्हा आकडा वाचला.

“हे तुझं कसं?” तो म्हणाला. “हे माझं असायला पाहिजे.”

“नियम तसा नाही.”

“ठमे...”

“ऐक. मला कापणार आहेत अठरा दिवसांनी. आईला मी सांगेन. पण तू उद्या तपासायला येणार आहेस. तुला बघायचं नसेल तर डोळे मीट, पण कुशीवर झोपायचं आणि मोजू द्यायचं. माझं ऑपरेशन झाल्यावर मी शुद्धीवर येईन, तेव्हा तुझा आकडा मला माहीत हवा. हे मी मागतेय असं समज.”

दादा दुसऱ्या दिवशी आला. तपासणी होईपर्यंत गेजबाई आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या. वहिनीने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला होता, सोडत होती, परत गुंडाळत होती. दार उघडलं. दादा हातात कागद घेऊन बाहेर आला आणि दोघींच्या मधे बसला.

“तीन सेंटिमीटर चार मिलीमीटर,” तो म्हणाला.

वहिनीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आवाज न करता रडली. दादा मात्र समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याचा चेहरा सुटका झालेल्या माणसाचा नव्हता. चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसाचा होता.

“म्हणजे माझं काय?” त्याने बहिणीला विचारलं. “मी किती जगणार?”

“काही सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे इतर लोकांसारखं. उद्या ट्रक उडवेल, नाहीतर नव्वदीला बोटीवरच्या आजोबांसारखे दात शाबूत ठेवून जाशील. तुझ्यासाठी नियम नाही.”

“अकरा वर्षं,” दादा म्हणाला. “अकरा वर्षं मी...” मग त्याला राग आला. कुणावर हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो त्याने नर्सवर काढला, मग तिची माफी मागितली, आणि भागीदाराला फोन लावायला बाहेर गेला. भागीदार खरोखरच चांगला माणूस निघाला. दुकानाचा कागद त्याने नोंदणीला पाठवलाच नव्हता. “मला वाटलंच होतं,” तो फोनवर म्हणाला, “तू लाकडात जीव अडकलेला माणूस आहेस, घरी बसून काय करशील?”

आतेबहिणीची महाधमनी थोडी रुंद निघाली, चार सेंटिमीटरच्या जरा वर. तिला गोळ्या दिल्या, रक्तदाब सांभाळायला सांगितलं आणि दर सहा महिन्यांनी मापायला बोलावलं.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मुलींना होत नाही हे.” गेजबाईने आत्याचं नाव घेतलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती डोळे पुसून आणि म्हणाली, “तिला मी मोजायला हवं होतं. माझ्या लग्नात माझी वेणी तिने घातली होती.”

ऑपरेशनच्या सकाळी दादा स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आला. सर्जन तिथेच उभे होते. गेजबाईने त्यांना एकच विचारलं, “ती कापडाची नळी किती दाबाला तपासलेली असते?” सर्जनना आकडा आठवेना. ते म्हणाले, तुमच्या रक्तदाबाच्या पुष्कळ पट. “पुष्कळ म्हणजे किती?” तिने विचारलं. सर्जन आत गेले, डब्यावरचा कागद वाचून आले आणि आकडा सांगितला. मग ती म्हणाली, “चालेल, न्या.”

सहा तास लागले. पहिले दोन दिवस तिला काही आठवत नाहीत. तिसऱ्या दिवशी छातीत कुणी खिळे ठोकल्यासारखं दुखत होतं, आणि दादा उशाशी बसून मोसंबं सोलत होता. त्याने सोलून सोलून तिच्यासाठी चार ठेवली होती आणि तिला एकही खाता येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. चालायला लागली, मग जिना चढायला लागली. एक दिवस तपासणीला गेली असताना तिने डॉक्टर बाईंना विचारलं, “हे आजोबांकडून आलं की आजीकडून?”

“सांगता येणार नाही. आजोबा तापाने गेले, आणि आजी बहात्तरपर्यंत जगल्या. काहींना असूनही फाटत नाही.”

“म्हणजे आजीकडूनही असू शकतं.”

“असू शकतं.”

“आजीला पाच भावंडं होती,” गेजबाई म्हणाली. “त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत. वेगवेगळ्या आडनावांची. त्यांच्यात तर असलं वाक्यसुद्धा नाही सावध करायला. कुणी गेलं तर अटॅक म्हणून सोडून देत असतील.”

“तुम्ही त्यांना ओळखता?”

“दोघांना ओळखते. बाकीच्यांना ओळखून घेते.”

आजीच्या माहेरची माणसं चार गावांत पांगलेली होती. आईला नावं आठवत होती, पण पत्ते चाळीस वर्षांपूर्वीचे. आतेबहीण जुने कागद घेऊन आली, वहिनीने फोन नंबर शोधले, आणि ज्यांचे नंबर मिळाले नाहीत त्यांच्या गावी दादा बसने जाऊन आला. सुरुवातीला लोकांना वाटायचं, कुणी इस्टेटीच्या भानगडीत फोन करतंय. तिघांनी ठेवून दिला. एकाने तिला अभद्र बोलणारी बाई म्हटलं. तिने त्याला आठ दिवसांनी परत फोन केला, आणि आणखी आठ दिवसांनी परत.

एका सकाळी तिचा फोन वाजला. पलीकडे कुणी अनोळखी बाई होती. तिच्या आईकडे कुणी सुतार येऊन गेला होता म्हणे, आणि तिच्या आजीच्या बहिणीच्या घरचं काहीतरी सांगून गेला होता.

“तुम्ही मला ओळखत नाही,” ती बाई म्हणाली. “आम्हाला काही झालेलं नाहीये. पण माझा मामा गेल्या वर्षी गेला. अचानक. मी नुसतं विचारायला फोन केला.”

“बरं केलंत,” गेजबाई म्हणाली आणि पेन उघडलं. “मामा काय करताना गेले? आणि जाताना काय म्हणाले, ते अगदी त्यांच्याच शब्दांत सांगा.”